केदारनाथला घोडा, कंडी, डंडी करावी का?

मास्तर, दारव्हा
यंदा गावातून केदारनाथला बस जायची आहे. नावं लिहायच्या वहीत एक नवा रकाना आलाय: पायी, घोडा, कंडी (माणसाच्या पाठीवरची टोपली) की डंडी (चौघांनी उचलून न्यायची खुर्ची). निम्म्याहून जास्त लोकांनी डोळे झाकून 'घोडा' लिहिलं. म्हणायला घोडा, असतं बहुतेक खेचर. गौरीकुंडापासून सुमारे 16 किलोमीटरची वाट, मंदिर साडेतीन हजार मीटरच्या वर. थंडीपावसात, निसरड्या दगडांवरून ते जनावर माणूस घेऊन चढतं आणि मालकाला घाई असली की उतरल्याबरोबर दुसरी फेरी. 2022 च्या हंगामात खेचरं पटापट मेल्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या. मे 2025 मध्ये तर दोन दिवसांत 14 जनावरं दगावली, साथीच्या भीतीनं वाहतूकच थांबवावी लागली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे हळद-तुपानं शेकणारे आपण!

माझं मत सरळ आहे. धडधाकट माणसानं खेचर करू नये. ज्याला चालवतच नाही त्यानं हिवाळ्यात उखीमठला जावं. केदारनाथ मंदिराची कपाटं, म्हणजे दारं, बंद झाली की देवाची डोली (पालखी) तिथल्या ओंकारेश्वर मंदिरात येते. तिथवर गाडी जाते. पुण्य कमी पडलं तर माझ्या नावावर मांडा.

बंडूभाऊ
मास्तर, पोळ्याचं बोलनं काही पटलं नाही. खांदे शेकता अन् पोळा झाला का त्याच बैलाले बंडीले जुंपता का नाही? आपल्या बैलानं केलं तर काम, अन् तिकडच्या खेचरानं केलं तर छळ? यात्रा चालते वर्षातले सहा महिने. बर्फ पडला का धंदा बंद. तेवढ्यात खेचराचं कर्ज फेडाचं, घर चालवाचं, लेकरायची शाळा पाहाची. सोयाबीनचा भाव पडला का आपल्या घरात काय होते, मास्तरले सांगाले पाहिजे काय? तुम्ही घोडा नाही केला तर खेचर सुटत नाही, त्याचा चारा सुटते.

सुनबाई (बसमध्ये तीन नावं आमची)
माझ्या सासूबाईंचे गुडघे गेलेत. उभा जन्म कापूस वेचण्यात गेला, आणि मला आठवतं तेव्हापासून त्यांच्या तोंडी केदार आहे. त्यांना 'उखीमठला जा' सांगायला मास्तर, तुम्हीच घरी या. मी चहा ठेवते. त्यांच्यासाठी डंडी करणार आहोत. चार माणसं लागतात, भाडं वजनावर ठरतं, महागात जातं. पण खेचरावर कंबर मोडून घेण्यापेक्षा बरं.

वकील, अमरावती
खेचराबद्दल एवढं बोललात, माणसाबद्दल कोणीच नाही? 6 ऑगस्ट 2025 ला सर्वोच्च न्यायालयानं माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या. खंडपीठाचे प्रमुख तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, म्हणजे आपल्या अमरावतीचेच. माणसानं माणसाला ओढत नेणं मानवी प्रतिष्ठेला धरून नाही, असा त्यातला मुद्दा. ओढणं चूक, मग पाठीवर टोपली बांधून उचलून नेणं बरोबर कसं? कंडीत तर एकच माणूस दुसऱ्या अख्ख्या माणसाला पाठीवर घेऊन चढतो. बरेचसे नेपाळहून पोटासाठी आलेले असतात.

बंडूभाऊ
वकीलसाहेब, निकाल अर्धाच नका वाचून दाखवू. ओढनाऱ्याले ई-रिक्षा द्या, हेही त्यातच हाय ना बाप्पा. आधी पोटाची सोय, मंग बंदी.

सुनबाई
आणि वकीलसाहेब, खुद्द केदारनाथाची डोली उखीमठापर्यंत माणसांच्याच खांद्यावरून येते. तिथं प्रतिष्ठा आड येत नाही?

वकील, अमरावती
ती सेवा आहे, ताई. ही मजुरी.

बंडूभाऊ
मजुरी म्हंजे हलकी काय? मंग वावरात निंदाले येनाऱ्या बायाही उद्यापासून बंद कराव्या लागतीन.

पांडुरंगबुवा
आम्ही महादेवाले जात होतो, पचमढीच्या चौरागडावर, खांद्यावर त्रिशूळ घेऊन. नागद्वारले शिड्या चढलो. आम्हाले कोनी उचललं नाही.

सुनबाई
बुवा, तेव्हा तुम्ही पंचविशीत होता.

राहुल, दिग्रस
हा वाद रोपवे आला की संपेल. मार्च 2025 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं सोनप्रयाग ते केदारनाथ 12.9 किलोमीटरच्या रोपवेला मंजुरी दिली. आठ-नऊ तासांची वाट 36 मिनिटांत. तोपर्यंत परवडेल त्यानं हेलिकॉप्टर करावं.

मास्तर, दारव्हा
हेलिकॉप्टरचं नाव काढू नका. 15 जून 2025 ला गौरीकुंडाजवळ पडलं त्यात सात जण गेले, त्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलेही होते. आणि रोपवे झाल्यावर घोडेवाल्यांनी करायचं काय? वैष्णोदेवीच्या रोपवेवरून डिसेंबर 2024 मध्ये पायथ्याच्या अख्ख्या कटरा गावानं बंद पाळला, दुकानदारांसोबत घोडेवाले, पालखीवाले, पिठ्ठूवाले (पाठीवर ओझं नेणारे) सगळेच त्यात.

राहुल, दिग्रस
मास्तर, मग तुम्ही नेमके कोणाच्या बाजूनं?

केदार करून आलेला, नेर
वाद चालू द्या, पण वहीत 'घोडा' लिहिणाऱ्यांनी एवढं वाचा. भाडं वाटेत ठरवू नका, प्रीपेड काउंटरवरूनच करा. बसायच्या आधी जनावर चार पावलं चालवून पाहा, लंगडत असेल तर दुसरं मागा. खोगीर उचलायला लावा, खाली जखम असेल तर बसू नका. मालक कुरकुर करतो, करू द्या. आपण बसल्यावर वर आणखी बॅग लादू नये. ती पिठ्ठूला द्या, त्यालाही चार पैसे मिळतात. आणि उतरताना शक्य तेवढं पायी या. उतारावर खेचराचे पुढचे पाय घसरतात, पडणारे जास्त तिथंच पडतात. डंडीवाल्यांना दम खाऊ द्या, 'चला चला' करू नका. त्यांचा चहा-नाश्ता भाड्यात नसतो, तो आपण द्यावा.

बंडूभाऊ
हे कामाचं बोलले.

वकील, अमरावती
जखम पाहून बसणं म्हणजे प्रश्न सुटला असं नव्हे. फेऱ्यांवर लक्ष कोण ठेवणार? जनावरांवरच्या क्रूरतेचा कायदा 1960 पासून आहे, तरी 2023 च्या यात्रेत खेचराच्या नाकात जबरदस्तीनं धूर सोडतानाचा व्हिडिओ देशभर फिरलाच ना?

मास्तर, दारव्हा
सुनबाई, सासूबाईंची डंडी लिहा, माझी हरकत नाही. कंडी मात्र कोणी लिहू नये. आणि तुमच्याच घरातल्या तिसऱ्या नावाचं काय? गावच्या क्रिकेट संघाचा कप्तान, त्यानं 'घोडा' लिहिलाय.

सुनबाई
त्याचं त्यालाच विचारा. रील काढायचाय म्हणतो.

बंडूभाऊ
रीलवाल्याकून दुप्पट भाडं घ्या म्हना. खेचरवाल्याचं तरी भलं होईन.