तुम्ही पहिला वाघ कुठं बघितला?

रंकाळ्याचा वारा: काल लेकीनं मुंबईहून व्हिडिओ कॉल केला. नातू राणीच्या बागेत काचेला नाक लावून उभा, पलीकडं वाघ पाण्यात बसलेला. मला एकदम आमची शाळेची सहल आठवली. एसटीनं पुणं, पेशवे पार्क. लोखंडी गजाआड वाघ, चार पावलं इकडं, चार तिकडं. वास असा की डब्यातली चटणी-भाकरी गिळंना. तरी फुलराणीत दोनदा बसलो! त्या वाघाचं तेव्हा काही वाटलं नाही. काल वाटलं. तुमचं सांगा.

तांबडापांढरा: कोल्हापूरच्या न्यू पॅलेसमध्ये, राजवाड्यातल्या संग्रहालयात. पेंढा भरलेला 😂 चौथीपर्यंत मला वाटायचं, डोळे उघडे ठेवून झोपतोय.

पेठेतली काकू: माझंपण तेच. बाहेर हरणं नि बदकं, झालं आमचं झू.

जुनाबाजार: कोल्हापूरकरांनी वाघाचं काय सांगता, आपल्याकडं चित्ते होते! शाहू महाराजांच्या काळी काळविटाच्या शिकारीला न्यायचे, डोळ्यांवर पट्टी बांधून. देशात मिळंनात तेव्हा आफ्रिकेतनं आणले. आणि हत्तींची साठमारी, म्हणजे हत्तीला डिवचायचा खेळ, वेगळीच. आजा सांगायला बसला की जेवण गार व्हायचं.

पेठेतली काकू: थांबा, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

कात्रजकर (मूळ गाव कागल): वारा, ते येरझाऱ्या घालणं म्हणजे कोंडल्याचं लक्षण. पेशवे पार्क १९५३ चं, तेव्हा पिंजरा म्हणजेच प्राणिसंग्रहालय. १९९९ ला पुण्यातच कात्रजला नवं प्राणिसंग्रहालय झालं, मग २००५ पर्यंत सगळे प्राणी तिकडं हलवले. आता खंदक, झाडी, मोकळी जागा. फक्त वाघ झाडामागं झोपला की संपलं. परवा पोरांना घेऊन दोन तास उभारलो, शेपूट दिसली.

तांबडापांढरा: शेपूट तर शेपूट. वाघाचीच हुती न्हवं?

कात्रजकर (मूळ गाव कागल): बायको म्हणते फांदी हुती.

बिनसाखरेचा चहा: राणीची बाग १८६२ ची, पेंग्विन २०१७ पासून बघायला मिळाले. आम्ही रात्रभर महालक्ष्मी एक्सप्रेसनं बसून गेलो, गेटला कुलूप. बुधवार! चूक माझीच. पोरगी अजून बोलून दाखवते.

जुनाबाजार: पेंग्विनला एसी, आणि आमच्या स्लीपरला पंखा चालंना.

पेठेतली काकू: आले. डाळ करपली. वारा भाऊ, फोटो टाका की नातवाचा.

रंकाळ्याचा वारा: टाकतो ताई, जावयाला मागितलाय. त्यात वाघ आलेला नाही म्हणे, नुसती काच.

कात्रजकर (मूळ गाव कागल): रविवारी रात्री कोल्हापूरहून पुण्याला निघतोय, गाडीत दोन जागा आहेत. कुणी येणार?