उत्तर: सहा कोटी घरटी मैदानावर

प्रश्न असा आहे की अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राच्या तळाशी सापडलेल्या बर्फमाशांच्या घरट्यांचा ‘सहा कोटी’ हा आकडा सातवीच्या मुलांना कसा समजावायचा. फळ्यावर शून्यं मांडून काही होत नाही, मैदानावर जा.

‘पोलारश्टेर्न’ या जर्मन जहाजाने २०२१ मध्ये कॅमेरा तळाच्या जरा वरून ओढत नेला. त्या फोटोंवरून काढलेला अंदाज: सुमारे २४० चौ. किमीत ६ कोटी घरटी, म्हणजे सरासरी ४ चौ. मीटरला एक घरटं. १० × १० मीटरचा चौकोन आखा आणि त्यात २५ वर्तुळं काढा. घरटं साधारण ७५ सेंमी रुंद असतं, म्हणून खडूला बांधलेली सुतळी ३७.५ सेंमीची हवी. इथे हमखास चूक होते: मुलं ७५ सेंमीच सुतळी घेतात आणि घरटं दुप्पट रुंद होतं.

मग जहाजाच्या कॅमेऱ्यासारखं, काठीला मोबाइल बांधून, दीड मीटरवरून खाली तोंड करून फोटो काढा. प्रत्येक फोटोत मीटरपट्टी दिसलीच पाहिजे, नाहीतर फोटोत किती जागा मावली ते कळत नाही. कडेला कापलेली वर्तुळं सगळी मोजली तर उत्तर फुगतं. केंद्र आत असेल तेवढीच धरा. शेवटी खरे २५ आणि फोटोंवरून काढलेला मुलांचा अंदाज शेजारी शेजारी लिहा.

एका घरट्यात सुमारे १७०० अंडी. ती दाखवायला हरभरे घ्या; तेवढे मोजत बसू नका, १०० मोजून वजन करा आणि १७ पट तोला. (अंडी हरभऱ्याएवढी असतात असं मात्र सांगू नका.)