शेव्हरोलेट २१६, सहा सिलिंडर: व्हाइट मेटल पुन्हा ओतावं की शेल बेअरिंग बसवावं?

राजवाडा४७ (इंदूर)
१९४७ची शेव्हरोलेट फ्लीटमास्टर गाडी, मूळचं २१६ क्युबिक इंचाचं इंजिन, सहा व्होल्ट. कॉम्प्रेशन पहिल्या पाच सिलिंडरांत ९५ ते १०० पौंड, सहाव्यात ६०. निळा धूर, आणि उतारावर पाय काढला की खालून ठकठक. गाडी प्रदर्शनात उभी करायची नाही. दर रविवारी महू आणि अधूनमधून मानपूर घाट उतरून महेश्वर, एवढं बिनघोर व्हावं. इंजिन उतरवलंय. खरादवाला म्हणतो, रॉडचं (पिस्टन क्रँकला जोडणाऱ्या दांड्याचं) व्हाइट मेटल, म्हणजे ओतून बनवलेलं मऊ धातूचं बेअरिंग, काढून शेल, म्हणजे तयार बदलता येणारं बेअरिंग, बसवू, कटकट मिटेल. ऐकू का त्याचं? आणि ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेल्या) पेट्रोलचं काय करायचं?

खराद_सियागंज
भाऊ, शेल बसवून या इंजिनाचं मूळ दुखणं जात नाही. २१६ मध्ये दाबाचं तेल फक्त मेन (क्रँकच्या) आणि कॅम (व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्याच्या) बेअरिंगांना जातं. रॉडला ते मिळतं कॅपखालच्या छोट्या पळीतून. ती पळी तेलाच्या पन्हाळीत बुडून तेल उचलते, आणि वेग वाढला की नोझलची धार पळीवर येते. शेल बसवलं तरी तेल तेवढंच. काही जण बसवतात आणि चालतंही, पण मी तुमच्या वापरासाठी चांगलं ओतलेलं व्हाइट मेटलच घेईन. ते थोडा कचरा पोटात घेतं आणि क्रँक (इंजिनाचा मुख्य फिरणारा दांडा) वाचवतं.

ओतून आलेला रॉड दोऱ्याला टांगून हलकं ठोका. घंटेसारखा खणखणीत वाजला तर मेटल धरलंय. आवाज बद्द आला तर मेटल धरून ठेवणारी कल्हई नीट बसलेली नाही, तो रॉड परत पाठवा. शंका असेल तर रात्रभर रॉकेलमध्ये ठेवा, पुसून कोरडा करा आणि कडेला खडूची पूड लावा. पूड ओली झाली की फट आहे.

बेअरिंगचं क्लिअरन्स (मोकळी जागा) दीड ते दोन थाऊ (इंचाचा हजारावा भाग), प्लास्टिगेजने (दाबून क्लिअरन्स मोजायची प्लास्टिकची तार) मोजून. शिम (कॅपखालच्या पातळ चकत्या) दोन्ही बाजूंनी सारख्याच काढा. पळीचं तोंड कॅमशाफ्टच्या बाजूला हवं. एक जरी उलटी बसली तर तो रॉड पहिल्याच लांब फेरीत जातो. नोझल वाकल्या असतील तर नेम मॅन्युअलप्रमाणे लावा, अंदाजाने नको.

सगळ्यात जास्त विसरलं जातं ते हे: चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) चढवण्याआधी पन्हाळी हाताने तेलाने भरा. वरून तेल ओतून त्या भरत नाहीत, पंप चालू झाल्यावरच भरतात. तोवर रॉड कोरडे फिरतात.

बोअरचा टेपर (सिलिंडरच्या वर-खालच्या व्यासातला फरक) ८ थाऊच्या वर असेल तर बोअर ३० थाऊ ओव्हरसाइज करा. मूळ पिस्टन बिडाचे आहेत. अॅल्युमिनियमचे घेतलेत तर सहाही तेच घ्या, वजन २-३ ग्रॅमच्या आत जुळवा आणि बिडाचं क्लिअरन्स त्यांना देऊ नका. गरम झाले की फुगून जाम होतील. ब्लॉकचे कोअर प्लग (पाण्याच्या जागेची झाकणं) काढून मागच्या सिलिंडरांभोवतीचा गाळ तारेने खरवडा. सहावा सिलिंडर आधी का गेला, त्याचं एक कारण तिथेच सापडू शकतं.

टॅपेटकाका (बडोदा)
वरच्या बाजूचं सांगतो. हेडला व्हॉल्व्ह सीटांच्या मधे तडे जातात, म्हणून पैसे लावण्याआधी क्रॅक तपासून घ्या. कडक सीट फक्त एग्झॉस्टला, आणि तीही जुनी सीट खाल्ली असेल तरच. रॉकर शाफ्टच्या टोकांचे प्लग काढून आतला चिखल साफ करा, नाहीतर वरचं तेल बंद होऊन रॉकर किरकिरतात. टॅपेटचं (व्हॉल्व्हचं) क्लिअरन्स इंजिन गरम असताना: इनटेक ६, एग्झॉस्ट १३ थाऊ.

इनटेक आणि एग्झॉस्ट मॅनिफोल्ड आधी एकमेकांना सैल जोडा, मग हेडला आवळा आणि शेवटी एकमेकांना. उलट क्रमाने केलंत तर कान तुटतो. हीट रायझरचा (एग्झॉस्टची उष्णता इनटेककडे वळवणारा) फ्लॅप मोकळा फिरायला हवा. तो बंद अडकला तर मे महिन्यात इंदुरात कार्ब्युरेटरखालीच पेट्रोल उकळेल.

ई२०ने इंजिनाला नव्हे, जुन्या रबराला धोका. पंपाचा डायफ्राम इथेनॉल सोसणारा घ्या आणि सगळे पाइप व्हिटॉनचे (इंधन सोसणाऱ्या रबराचे). कॉम्प्रेशन रेशो ६.५, त्यामुळे प्रीमियम पेट्रोलची गरज नाही.

राजवाडा४७
काका, भाऊ, आभार. शेलचा बेत रद्द. तेल कुठलं, आणि पुढे रॉड सैल होतोय हे लवकर कसं ओळखायचं?

खराद_सियागंज
डिझेल गाडीचं १५डब्ल्यू-४०, सीआय-४ दर्जाचं, सुमारे पावणेपाच लिटर. टॅपेटला लागणारं झिंक त्यात असतं. गरम इंजिनवर चालत्या गाडीत तेलाच्या दाबाचा गेज १४ पौंडांच्या आसपास दाखवेल. हे या इंजिनाला पुरेसं आहे, घाबरून २०डब्ल्यू-५० ओतू नका. ते थंडीत पळीपर्यंत सावकाश पोचतं.

रॉडसाठी: हलक्या थ्रॉटलवर एकेका प्लगची वायर काढा. ज्याची काढल्यावर ठोका मऊ होतो, तो रॉड सैल. त्याच आठवड्यात चेंबर उतरवून शिम काढलंत तर क्रँक वाचतो.

पहिले ८०० किलोमीटर वेग ताशी ६०च्या आत, नंतर ७०-७५. ४.११च्या डिफरन्शियलवर ८०ला इंजिन मिनिटाला अडीच हजार फेऱ्यांजवळ पोचतं. घाट चढताना टॉपमध्ये रेटू नका, वेळेवर सेकंड घाला. आणि बॅटरीच्या केबली जाडजूड सहा व्होल्टच्याच हव्यात. बारा व्होल्टची बारीक केबल लावली तर गरम इंजिन स्टार्टरला फिरत नाही आणि दोष नव्या रिंगांवर येतो.