तुमच्या कामात ‘सेट’ म्हणजे नेमकं काय? (अनुभव धागा)

सुरुवात, भाषांतराच्या बाजूनं

इंग्रजीतला ‘सेट’ हा शब्द इवलासा. पण ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्यांत लांब नोंद त्याचीच होती. पुढच्या आवृत्तीच्या कामात ‘रन’नं त्याला मागे टाकलं, ‘रन’च्या नुसत्या क्रियापदाचे अर्थ ६४५ भरले. शब्दकोश अर्थ सांगतो, पण सिमेंट सेट झालं हे कशावरून ओळखायचं किंवा करवतीचे दात किती सेट करायचे हे त्यात सापडत नाही. ते तुम्ही लिहा. किस्से नकोत, काय करायचं, किती करायचं आणि बिघडतं कुठे, एवढंच हवं.

माझ्याकडून पहिली भर. ‘सेट’ हे मुळात ‘सिट’चं प्रयोजक रूप. बसणे आणि बसवणे यांचं जे नातं, तेच या दोघांचं. म्हणून अडलं की आधी ‘बसवणे’ लावून बघावं: हाड बसवणं, अंगठीत खडा बसवणं, दोन्हीकडे इंग्रजीत सेटच. समूह या अर्थाचा ‘सेट’ मात्र दुसऱ्या घरातला. तो लॅटिन ‘सेक्टा’वरून, म्हणजे पंथ किंवा अनुयायांचा गट या अर्थाच्या शब्दावरून, जुन्या फ्रेंचमार्गे आला आणि पुढे पहिल्यात मिसळून गेला. तिथं ‘संच’च हवा.

हमखास चूक होते ती काळाची. या क्रियापदाची तिन्ही रूपं सारखीच. इंग्रजीत ‘ही सेट’ (he set) असं दिसलं, शेवटी ‘स’ नाही, म्हणजे तो भूतकाळ. वर्तमानात ‘ही सेट्स’ होतं. घाईत इथं अख्ख्या परिच्छेदाचा काळ चुकतो.

सिमेंट तपासणीतून

सिमेंट ‘सुकतं’ हा समज आधी काढून टाकायला हवा. सिमेंट सेट होतं ते पाण्याशी होणाऱ्या रासायनिक क्रियेमुळे, आणि ते पाण्याखालीही सेट होतं. उलट लवकर सुकलं तर क्रिया अर्धवट राहते, पृष्ठभाग भुसभुशीत होतो आणि तडे जातात.

सेट होणं आणि कठीण होणं या दोन वेगळ्या गोष्टी. सेट म्हणजे लगद्यानं आकार धरला, आता तो वाहणार नाही. ताकद त्यानंतर चढते आणि ती २८ दिवसांनी मोजायची पद्धत आहे. सेट मोजतात विकाट उपकरणानं: ४० मिमी खोल साच्यात लगदा भरायचा आणि ३०० ग्रॅम वजनाखाली सुमारे १ मिमी जाडीची सुई सोडायची. सुरुवातीला ती तळापर्यंत जाते. तळापासून ५ मिमीच्या आसपास अडायला लागली की प्राथमिक सेट. त्यानंतर मिश्रण हलवायचं नाही, कारण तुटलेली जोडणी पुन्हा तितकी धरत नाही. वरून पाणी मारून मिश्रण ‘जिवंत’ करणं तर सगळ्यांत वाईट. मऊ होतं, पण ताकद कायमची जाते.

मिश्रण काही मिनिटांतच आवळलं तर दोन शक्यता असतात, आणि त्या ओळखता आल्याच पाहिजेत. सिमेंट फार लवकर आवळू नये म्हणून त्यात जिप्सम हे खनिज घालतात. सिमेंट दळताना ते फार तापलं तर त्यातलं पाणी उडून त्याचं प्लास्टर होतं आणि खोटा सेट दिसतो. उष्णता जाणवत नाही, आणि पाणी न घालता पुन्हा जोरात मळलं की मिश्रण सैल होतं. दुसरा झटपट सेट. जिप्सम कमी पडलं की ॲल्युमिनेट, म्हणजे सिमेंटमधला पाण्याशी झपाट्यानं क्रिया करणारा घटक, बेलगाम होतं, मिश्रण गरम लागतं आणि कितीही मळलं तरी सैल होत नाही. ते फेकायचंच.

एपॉक्सीबद्दल

वरच्या प्रतिसादातला फरक इथंही तंतोतंत लागू आहे. ‘पाच मिनिटांचं’ एपॉक्सी (दोन भाग कालवून लावायचा गोंद) पाच मिनिटांत सेट होतं, म्हणजे सरकत नाही. पूर्ण ताकदीला साधारण २४ तास द्यावे लागतात. जास्त माल एका कपात कालवला तर स्वतःच्याच उष्णतेनं तो आणखी लवकर आवळतो. थोडं थोडं कालवावं, किंवा पसरट थाळीत घ्यावं.

सुतारकामातून

करवतीचा सेट म्हणजे दात आळीपाळीनं डावीकडे-उजवीकडे किंचित वाकवणं. त्यामुळे काप पात्याच्या जाडीपेक्षा रुंद पडतो आणि पातं लाकडात आवळत नाही. ओल्या, मऊ लाकडाला सेट जास्त लागतो, कोरड्या कठीण लाकडाला कमी. गरजेपेक्षा जास्त दिला तर भुसा जास्त, मेहनत जास्त आणि काप भरकटतो.

क्रम असा: आधी सगळ्या दातांची टोकं कानस फिरवून एका पातळीत आणायची, मग दातांचा आकार, मग सेट आणि शेवटी धार. वाकवायचा तो दाताचा वरचा अर्धाच भाग. मुळापासून वाकवला तर दात तिथंच चिरतो, आणि तो पुढच्या वेळी तुटतो. एकदा एका बाजूला वाकवलेला दात कधीही उलट बाजूला वाकवू नये, तेही याच कारणानं.

सरळ रेघेवरून काप एकाच बाजूला ओढत असेल तर त्या बाजूचा सेट जास्त झालाय असं समजावं. पुन्हा सगळे दात वाकवत बसायची गरज नसते. करवत सपाट ठेवून त्या बाजूच्या दातांवरून बारीक धारेचा दगड एकदाच हलका फिरवायचा आणि कापून बघायचं. दोनदा फिरवून मग बघितलं तर करवत दुसऱ्या बाजूला ओढायला लागते.

स्वयंपाकघरातून

मराठीत इथं दोन शब्द लागतात. जॅम आधी आळतो, मग थिजतो. इंग्रजीत सेट हा दुसरा टप्पा. मिश्रणाचं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा ४ ते ५ अंश वर, म्हणजे समुद्रसपाटीला १०४ ते १०५ अंश सेल्सिअस, आलं की तो थिजण्याजोगा होतो. उंचावर पाणीच कमी तापमानाला उकळतं, म्हणून हा आकडाही तेवढा खाली येतो. थर्मामीटर नसेल तर गार बशीत थेंब टाकून बोटानं ढकलावा. सुरकुती पडली की बंद.

जिलेटिन उकळू नये, पकड कमी होते. कच्चा अननस, पपई किंवा किवी घातली तर ते थिजतच नाही, कारण त्यातली विकरं जिलेटिनचं प्रथिन तोडतात. फळ आधी शिजवून घेतलं की अडचण संपते. अगरला (समुद्री शेवाळापासूनचा थिजवणारा पदार्थ) हा त्रास नाही. ते ३५ ते ४० अंशांना, म्हणजे फ्रिजबाहेरच, थिजतं आणि पुन्हा वितळायला ८५ अंशांच्या आसपास जावं लागतं.

खेळातून, थोडक्यात

टेनिसचा सेट सहा गेमचा, दोनची आघाडी हवी. सहा-सहा झाले की टायब्रेक, सहसा सात गुणांपर्यंत, तिथंही दोनची आघाडी. व्हॉलीबॉलमध्ये मात्र एकाच सामन्यात दोन सेट नांदतात: २५ गुणांचा डाव (पाचवा १५ चा) तो सेट, आणि स्मॅशसाठी चेंडू उचलून देणं तोही सेट. समालोचनाचं भाषांतर करताना दुसऱ्याला ‘उचलून दिला’ म्हणावं, नाहीतर वाचणारा गोंधळतो.

प्रोग्रॅमिंगमधून

इथं दोन्ही घरचे सेट एकत्र राहतात. ‘व्हॅल्यू सेट करणे’ म्हणजे बसवणं, आणि गणितातला संच तो दुसरा सेट. पायथनमध्ये संचाचे घटक महिरपी कंसात लिहितात, पण नुसते रिकामे महिरपी कंस लिहिले की संच होत नाही, डिक्शनरी (नाव आणि त्याची किंमत अशा जोड्या ठेवणारा प्रकार) होते. रिकाम्या संचासाठी ‘सेट’ लिहून साधे कंस द्यावे लागतात. ही चूक लगेच कळत नाही. पुढे घटक घालायला गेल्यावर ‘ॲड’ सापडत नाही म्हणून एरर येते.

यादीतल्या पुनरावृत्ती काढायला सरसकट संच वापरतात, त्यात क्रम जातो. क्रम हवा असेल तर डिक्शनरीच्या ‘फ्रॉमकीज’मधून यादी काढावी, ३.७ आवृत्तीपासून डिक्शनरी क्रम राखते. आणखी एक, १, १.० आणि ‘ट्रू’ एकाच संचात घातले तर उरतो एकच घटक, कारण पायथनच्या लेखी तिन्ही समान आहेत. खऱ्या-खोट्याच्या नोंदी आणि आकडे एकाच रकान्यात असतील तर संच करण्याआधी ते वेगळे काढा.