फ्रान्समधील तंबूची सुट्टी आणि नऊ वर्षांचा काळू : न्यावे की ठेवावे?

रेडिंगकर (धागाकर्ता)

आम्ही इंग्लंडमध्ये रेडिंगला राहतो. घरात आम्ही दोघे, अकरा आणि सात वर्षांच्या दोन मुली आणि काळू नावाचा नऊ वर्षांचा लॅब्राडॉर. येत्या उन्हाळ्यात कोल्हापूरहून सासूबाईही येणार आहेत. ऑगस्टच्या आरंभी दोन आठवडे दक्षिण फ्रान्समध्ये आर्देश नदीकाठी तंबू ठोकून राहावे, असा बेत आहे. त्यावरून घरात दोन तट पडले आहेत. काळूला सोबत न्यावे असे मी आणि मुली म्हणतो, तर त्याला इथेच एखाद्या केनेलमध्ये ठेवावे असे बाकी सगळ्यांचे मत आहे.

माझे म्हणणे असे की, कुत्र्याला मागे ठेवूनच जायचे असेल तर तंबूच्या सुट्टीतली निम्मी गंमत जाते. फ्रान्समध्ये 1936 साली कामगारांना वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा कायद्याने मिळाली आणि तेव्हापासून तंबू हा तिथल्या साध्या कुटुंबाच्या सुट्टीचा भाग झाला. आजही तिथल्या कितीतरी लहान गावांची पालिका स्वतःची कॅम्पसाइट चालवते. तिथे जलतरण तलाव नसेल, करमणुकीचे कार्यक्रम नसतील, पण झाडाची सावली, गरम पाणी आणि चालत जाता येईल इतक्या अंतरावर बेकरी असते. लसीकरणाची नोंद दाखवली आणि पट्टा हातात ठेवला, तर यांतील बहुतेक ठिकाणी कुत्र्याला मज्जाव नसतो. रात्रीला थोडे युरो जास्तीचे पडतात, एवढेच.

प्रवासही मला अवघड वाटत नाही. फोकस्टोनहून कॅलेला गाडीसकट रेल्वेत चढले की 35 मिनिटांत पलीकडे उतरतो आणि काळू सगळा वेळ आमच्याच गाडीत, मुलींच्या पायाशी राहतो. (लंडनहून पॅरिसला जाणारी युरोस्टार ही प्रवासी रेल्वे कुत्री घेत नाही, त्यामुळे तो पर्याय आपोआपच बाद होतो.) कागदपत्रांचा व्याप आहे, हे मान्य. ब्रिटनमध्ये दिलेला प्राण्यांचा पासपोर्ट 1 जानेवारी 2021 पासून युरोपीय संघात चालत नाही. दर खेपेला पशुवैद्याकडून नवे आरोग्य प्रमाणपत्र घ्यावे लागते, ते प्रवेशाच्या आधीच्या 10 दिवसांतलेच असावे लागते, शिवाय मायक्रोचिप आणि रेबीजची लस हवी, आणि ती लस पहिलीच असेल तर पुढे 21 दिवस थांबावे लागते. परतताना ब्रिटनमध्ये शिरण्यापूर्वी 24 ते 120 तासांच्या आत तिकडच्या पशुवैद्याकडून पट्टकृमीचे औषध देऊन त्याची नोंद करून घ्यावी लागते. मे 2025 मध्ये लंडनला झालेल्या ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या बैठकीत पासपोर्टची सोय परत आणण्याचे तत्त्वतः ठरले. परंतु ती हातात पडेपर्यंत मी प्रमाणपत्रच धरून चालतो. त्याला साधारण 100 ते 250 पौंड लागतात. आमच्याकडे चौदा रात्रींच्या केनेलचे बिल याहून मोठे येते.

या हिशेबात माझे काय चुकते आहे, ते सांगावे.

प्लिमथवासी

आपला आराखडा नेटका आहे, परंतु त्यात काळूचे मत कुठेच दिसत नाही. पट्टा, प्रमाणपत्र, पौंड हे सगळे माणसांचे हिशेब झाले.

काही वर्षांपूर्वी आम्ही आमच्या स्पॅनिएलला घेऊन ऑगस्टमध्ये आव्हीन्योंजवळ राहिलो. दुपारी दोन वाजता तंबूत हात घातला तर तव्यावर हात धरल्यासारखे वाटे. तो बिचारा आमच्या गाडीखाली माती उकरून केलेल्या खळग्यात पोट टेकून पडे आणि सूर्य मावळेपर्यंत पाण्याच्या भांड्यापर्यंत येण्याचेही मनावर घेत नसे. आपला काळू काळ्या रंगाचा, नऊ वर्षांचा आणि लॅब्राडॉर म्हणजे बहुधा अंगाने जडच असणार. कॅलेपासून आर्देशच्या खोऱ्यापर्यंत साडेनऊशे किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी निघालात, तर फ्रान्सच्या वाहतूक सूचनांमध्ये ज्या दिवसांना सर्वांत वाईट म्हणून काळा रंग देतात त्यांतलाच एक आपल्या वाट्याला येण्याचा संभव आहे. टोलनाक्याच्या रांगेत तासभर उभ्या असलेल्या गाडीत त्याला काय वाटेल, याचा विचार व्हावा.

दुसरे असे की, कुत्रा सोबत असला की रोज एक माणूस कमी होतो. बहुतेक गुहांत आणि संग्रहालयांत त्याला आत घेत नाहीत, आणि गाडीत बंद करून ठेवणे त्या उन्हात जिवावरचे आहे. मग मुलींनी आर्देशच्या घळीत नाव वल्हवायची आणि आपण काठावर पट्टा धरून बसायचे. चौदा दिवस ही पाळी कोणाची, हे घरात आधी ठरवले आहे काय?

प्रमाणपत्राबद्दलही सांगते. आम्ही औषध वेळेवर दिले होते, पण तिथल्या पशुवैद्याने तारीख लिहिली, शिक्का मारला आणि वेळेचा रकाना कोराच ठेवला. माझे तिकडे लक्ष गेले नाही, ते कॅलेच्या तपासनिसाचे गेले. आम्हाला मागे वळावे लागले, औषध पुन्हा द्यावे लागले आणि पुढचे 24 तास धरून एका स्वस्त हॉटेलात दोन रात्री काढाव्या लागल्या. त्यानंतर आमचा कुत्रा सुट्टीत शेजारच्या गावातल्या एका आजींकडे राहतो आणि आम्ही परत येतो तेव्हा आम्हाला ओळख दाखवायलाही जरा वेळ घेतो, इतका तो तिथे रमलेला असतो.

तूलूझनिवासी

मी अकरा वर्षे तूलूझला आहे आणि आमच्या घरातही कुत्रा आहे. माझे मत आपणा दोघांच्याही विरुद्ध जाते. काळूला जरूर न्यावे, पण आर्देशला नेऊ नये.

उन्हाबद्दल वर लिहिलेच आहे. त्याहून कमी बोलले जाणारे दुखणे म्हणजे कुसळ. जून संपता संपता इथले रानगवत वाळते, त्याची कुसळे सगळीकडे पसरतात, आणि त्यांची रचनाच अशी की एकदा केसांत अडकली की पुढेच सरकतात, मागे येत नाहीत. आमच्या कुत्रीच्या पुढच्या पंजाच्या दोन बोटांमध्ये असे एक कुसळ शिरले. बाहेरून तांदळाएवढा लाल फोड दिसत होता, आणि पशुवैद्याने चिमट्याने काढले तेव्हा ते चांगले दोन सेंटीमीटर आत गेलेले निघाले. लॅब्राडॉरचे कान लोंबते असतात, म्हणून रोज संध्याकाळी कान आणि पंजे बोटांनी चाचपून पाहिले पाहिजेत. दक्षिणेकडे वाळूमाशीमुळे लीशमॅनियासिसचाही धोका असतो. आपल्याकडे काळा आजार म्हणतात त्याच्याच जातकुळीतला हा रोग कुत्र्यांना जन्मभर पुरतो, म्हणून इकडे यायचेच झाले तर माशी दूर ठेवणारा गळपट्टा आधीपासून बांधावा लागतो.

आगीचेही लक्षात ठेवावे. जुलै 2022 मध्ये जिरोंदच्या जंगलात वणवा लागला तेव्हा पिला इथल्या वाळूच्या टेकडीखालच्या पाच कॅम्पसाइटी जळाल्या आणि काही हजार माणसांना रात्रीतून बाहेर काढावे लागले. ऑगस्ट 2025 मध्ये ओद विभागात सुमारे 16,000 हेक्टर जळाले. उन्हाळ्यात दक्षिणेतल्या पुष्कळ भागांत कोळशाची शेगडी पेटवायला बंदी असते आणि ती बंदी गंभीरपणेच घ्यायची असते.

आर्देशहून सेव्हेनच्या डोंगरात जायचा विचार असेल, तर तिथल्या राष्ट्रीय उद्यानात पट्ट्याला बांधलेला कुत्रा चालतो. आल्प्समधल्या मर्कांतूर किंवा व्हान्वाज या राष्ट्रीय उद्यानांच्या गाभ्यात मात्र बांधलेलाही चालत नाही. हा फरक पुष्कळांना पायथ्याशी लावलेल्या पाटीवर वाचूनच कळतो.

म्हणून माझी सूचना फ्रान्सच्या वायव्य टोकाच्या ब्रिटनी प्रदेशाची. आपण जूनमध्ये आलात तर ऊन, गर्दी आणि भाडे तिन्ही निम्मे मिळेल.

निवांत

एवढा खटाटोप करून जमिनीवर झोपायचे कशासाठी, हे मला अजून उमगलेले नाही. सासूबाईंच्या गुडघ्यांचा विचार कोणी केला आहे काय? फ्रान्समधल्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या कॅम्पसाइटवर स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि खऱ्या खाटा असलेले मोबाइल होम भाड्याने मिळते. कुत्रा चालेल की नाही ते आरक्षणापूर्वी विचारून घ्यावे, कारण तंबूच्या जागेवर चालणारा कुत्रा भाड्याच्या घरात चालतोच असे नाही.

फ्रान्ससाठी लागणारा शेंगेनचा व्हिसाही सासूबाईंनी कोल्हापूरहून निघण्यापूर्वी भारतातूनच काढावा. पर्यटक म्हणून ब्रिटनमध्ये आलेल्या माणसाने इथून अर्ज करायला गेले तर दारातूनच परत फिरावे लागते. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपर्यंत करता येतो, मुक्कामाचा पुरावा म्हणून कॅम्पसाइटचे आरक्षण जोडता येते आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा लागतो.

आणि तुपाची बरणी घरीच ठेवावी. ब्रिटनमधून युरोपीय संघात दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. काळूच्या खाण्याच्या पिशवीत मांस असेल तर तीही त्यातच आली.

रेडिंगकर

सर्वांचे आभार. काही गोष्टी मान्य करतो, काही नाही.

जूनची सूचना आमच्या कामाची नाही. इंग्लंडमधल्या शाळा जुलैच्या उत्तरार्धात सुटतात, आणि परवानगीशिवाय आठवडाभर मुलींना शाळेतून काढले तर दंड दर मुलामागे दर पालकाला 80 पौंड, म्हणजे आम्हाला 320 पौंड, तोही 21 दिवसांत भरला तर. स्वस्त भाड्याचा फायदा तिथेच संपतो. पण फ्रान्समधल्या शाळा 1 सप्टेंबरच्या आसपास उघडतात आणि त्यामुळे ऑगस्टच्या शेवटच्या दहा दिवसांत तिथली गर्दी ओसरते, असे ऐकतो. आमच्या शाळा सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात उघडतात, तेव्हा तो काळ आम्हाला जमण्यासारखा आहे.

प्लिमथवासी, रोज एक माणूस कमी होतो हा आपला मुद्दा मला खोडता येत नाही. परंतु काळूला अनोळखी माणसाकडे ठेवल्यावर तो दोन दिवस अन्नाला तोंड लावत नाही, हे आम्ही दोनदा पाहिले आहे. आपल्या स्पॅनिएलचा स्वभाव वेगळा. त्याला आजी मिळाल्या, आम्हाला अजून मिळालेल्या नाहीत.

तंबूबद्दल मात्र मी हटणार नाही. सासूबाईंना विचारले, तर त्या म्हणाल्या की जोतिबाच्या यात्रेत उघड्यावर झोपले आहे, मला काय सांगता; मात्र कुकर नेलाच पाहिजे, अशी त्यांची एक अट आहे.

तूलूझनिवासी

कुकर अवश्य न्यावा, पण विजेच्या शेगडीच्या भरवशावर नको. जुन्या किंवा पालिकेच्या कॅम्पसाइटवर पुष्कळदा 6 अँपियरचीच जोडणी मिळते, म्हणजे 230 व्होल्टला जेमतेम 1,380 वॉट. दोन हजार वॉटची इंडक्शन शेगडी लावली की खटका पडतो. आमच्या पहिल्या सहलीत तो पडला तेव्हा त्याच पेटीवरच्या शेजाऱ्यांचे दिवेही गेले आणि आमच्या वरणभाताची चर्चा साऱ्या रांगेत झाली. गॅसची लहान शेगडी घ्यावी. कॅम्पिंगगॅझच्या निळ्या टाक्या फ्रान्समध्ये सहज बदलून मिळतात, ब्रिटनमधल्या इतर टाक्यांचे तसे नाही.

काळूचे खाणे इथे सुपरमार्केटमध्ये घ्याल, तेव्हा इकडे जे मिळते तेच निघण्याच्या दोन आठवडे आधीपासून त्याच्या रोजच्या खाण्यात थोडे थोडे मिसळायला लागा. एकदम बदललेल्या अन्नाचा परिणाम तंबूत रात्री तीन वाजता कळणे बरे नव्हे.

प्लिमथवासी

मी अजूनही विरोधातच आहे. पण नेणारच असाल तर पोर्ट्समथहून ब्रिटनीतल्या सँ-मालोची रात्रीची बोट धरा. कुत्र्यासह राहता येईल अशा केबिन मोजक्याच असतात, त्या आधी मिळवा आणि मगच बाकीच्या तारखा ठरवा. ब्रिटनीत महामार्गांना टोल नाही, त्यामुळे टोलनाक्याच्या रांगेबद्दलचा माझा आक्षेप मागे घेते. समुद्रकिनाऱ्यावर मात्र पुष्कळ गावांत उन्हाळ्यात कुत्र्यांना बंदी असते. प्रत्येक गावाचा नियम निराळा, तेव्हा पाटी वाचल्याशिवाय वाळूत उतरू नये.

रेडिंगकर

केबिन मिळाली. 19 ऑगस्टच्या रात्री निघून सँ-मालो, तिथून कार्नाकजवळ पालिकेची कॅम्पसाइट. तिथल्या उभ्या दगडांच्या रांगांना जुलै 2025 मध्ये जागतिक वारशात स्थान मिळाल्यापासून धाकटीला त्यांचे वेड लागले आहे. आर्देश रद्द. मी, पत्नी आणि थोरली अशा तिघांच्या पट्टा धरण्याच्या पाळ्या कागदावर लिहून शीतकपाटावर लावल्या आहेत. पत्नीने त्याखाली 'आक्षेप नोंदवून' असे लिहून सही केली आहे.

परतीची बोट शनिवारी सकाळी आहे. कॅम्पसाइटपासून चार किलोमीटरवरच्या पशुवैद्याकडे गुरुवारची सकाळी अकराची वेळ घेतली आहे.

प्लिमथवासी

वेळेच्या रकान्यावर आपणच बोट ठेवा, आणि 'अकरा' लिहिलेले पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.