मदत हवी आहे : चोचीच्या टोकाची 'जाण' मुलांना कशी द्यावी?

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या शाळेत तिसरी-चौथीला एकत्र शिकवते. पक्ष्यांच्या चोचींचा पाठ कृतीतून घेतेय. शिंजिराचं (फुलांतला मध पिणारा छोटा पक्षी) जमलं: अरुंद तोंडाच्या बाटलीतलं कोकम सरबत चमच्याने येईना, ड्रॉपरने आलं, आणि मुलं स्वतःच फुलांबद्दल बोलू लागली. खंड्यासाठी चिमटाही ठीक.

अडलंय ते थंडीत खाडीच्या चिखलात उतरणाऱ्या लांब चोचीच्या पक्ष्यांपाशी. चिखल्या हा आखूड चोचीचा पक्षी चिखलावरचं भक्ष्य डोळ्यांनी टिपतो. हे लांब चोचीवाले मात्र चोच खोल खुपसून, टोकाच्या स्पर्शाने चिखलातले किडे शोधतात. परातीत ओल्या वाळूखाली मणी पुरून लांब चिमटे दिले, तर मुलं वाळू उकरून बघूनच काढतात. डोळे बांधले, तर चिमट्याला मणी लागला की खडा, तेच कळत नाही. म्हणजे मूळ मुद्दाच हरवतो.

मुलं वीस. खर्च जेमतेम, सामान घरातलं किंवा बाजारातलं चालेल. जिवंत किडे नकोत. भरती-ओहोटीमुळे मुलांना खाडीत उतरवणार नाही. व्हिडिओ दाखवून झालाय.

चिमट्याऐवजी हातात काय द्यावं आणि वाळूत मण्यांऐवजी काय पुरावं, म्हणजे न बघता नुसत्या टोकाने 'सापडलं' हे मुलांना जाणवेल?