गच्चीवरून सिंहगडाची उंची मोजतोय, दोन पद्धतींचे आकडे जुळेनात, मदत हवी आहे

मंडळी, जरा डोकं लावा. आम्ही वारज्यात राहतो, गच्चीवरून सिंहगड आणि त्यावरचा टीव्ही टॉवर पावसाळा सोडला तर जवळपास रोज दिसतो. भाच्याला नववीच्या प्रोजेक्टसाठी मोजमापाचं काहीतरी करायचं होतं, म्हटलं चल गडाचीच उंची काढू, ट्रेक पण होईल आणि वर पिठलं-भाकरी पण. आता अडकलोय ते असं.

पहिली पद्धत. गच्चीच्या कठड्यावर पाच मीटर अंतरावर दोन खुणा केल्या, गवंडी लोक वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी पाणी भरून लावली आणि दोन्ही खुणा एका लेव्हलला आणल्या. अलीकडच्या खुणेवर पत्र्याला बारीक भोक पाडून डोळा लावायची जागा, पलीकडच्या खुणेवर स्टीलची पट्टी ओळंब्याने सरळ उभी. भोकातून बघितलं की टॉवरचा पायथा पट्टीवर २५८ मिलीमीटरला येतो. नकाशावर अंतर १३.५ किमी, म्हणजे समरूप त्रिकोणाने ६९७ मीटर, गड आमच्या गच्चीपेक्षा एवढा उंच.

दुसरी पद्धत फोनच्या बॅरोमीटरची, म्हणजे हवेचा दाब मोजणाऱ्या सेन्सरची. सकाळी दहाच्या सुमारास गच्चीवर रीडिंग घेतलं, ९४५ हेक्टोपास्कल, मग गाडी काढली, डोणज्याला ट्रॅफिक, वर गर्दी, टॉवरपाशी पोचून निवांत रीडिंग घ्यायला चार वाजले, ८६७.६. दोन्हीकडचं सरासरी तापमान २५ धरून दाबावरून उंची काढायच्या फॉर्म्युल्यात टाकलं तर ७४५ मीटर!

गडाची उंची सगळीकडे समुद्रसपाटीपासून १३१२ मीटर लिहिलेली असते आणि आमची गच्ची नकाशाप्रमाणे साधारण ६००, म्हणजे उत्तर ७१० च्या आसपास यायला हवं. एक आकडा कमी, एक जास्त. सरासरी काढली तर ७२१ येते पण मला ते पटत नाही, दोन चुकीच्या आकड्यांची सरासरी काढून बरोबर उत्तर येतं असं थोडंच आहे. वर जीपीएसचं एक ॲप गच्चीवर साडेपाचशेच्याही खाली दाखवतंय, ते वेगळंच. नवीन काही विकत न घेता हे सुधारता येईल का? आणि भरवसा कशावर ठेवायचा?

प्रतिसाद १
गूगलवर १३१२ दिलंय ना, मग मोजायचं कशाला? पिठलं-भाकरीचा रेट मोजा, तो दर रविवारी बदलतो.

प्रतिसाद २
वरच्यांकडे दुर्लक्ष करा. मी सर्व्हेच्या कामात आयुष्य काढलंय आणि लेव्हल नळीची आयडिया मला प्रचंड आवडली. फोनच्या कोन मोजायच्या ॲपने केलं असतंत तर अर्ध्या अंशाची चूक सहज होते आणि १३.५ किमीवर अर्धा अंश म्हणजे जवळपास ११८ मीटर. तुमच्या पट्टीवर एक मिलीमीटर म्हणजे गडावर २.७ मीटर, म्हणजे घरगुती जुगाड असूनही तुमचं साधन बऱ्यापैकी बारीक आहे, आकडा कमी येतोय तो साधनामुळे नाही.

पृथ्वी गोल आहे, तेवढंच धरायचं राहिलंय. नळीने मिळालेली आडवी रेषा सरळ पुढे जाते आणि जमीन खाली वळत जाते, त्यामुळे लांबची वस्तू असायला हवी त्यापेक्षा बुटकी दिसते. किती, तर अंतराचा वर्ग भागिले पृथ्वीचा व्यास. १३.५ गुणिले १३.५ भागिले १२,७४२, उत्तर किलोमीटरमध्ये, म्हणजे १४.३ मीटर. पण एवढे सगळे मिळवायचे नाहीत, कारण हवा खाली दाट आणि वर विरळ असल्यामुळे प्रकाशाचा किरणही थोडा खाली वाकत येतो आणि गड थोडा उचललेला दिसतो. सर्व्हेत साधारणपणे वक्रतेच्या १३ टक्के यासाठी वजा करतात. राहिले १२.४. तुमचे ६९७ अधिक १२, झाले ७०९.

छोट्या अंतरावर हे किरकोळ वाटतं, पण १८४९-५० मध्ये बिहारच्या मैदानातून १७० ते १९० किमीवरून एव्हरेस्टचे कोन घेतले (तेव्हा त्याला नाव नव्हतं, नुसतं पंधरावं शिखर), तिथे वक्रतेची दुरुस्तीच दोन किलोमीटरच्या वर जाते आणि हवेमुळे होणारी शेकडो मीटर. त्यातून १८५६ मध्ये २९,००२ फूट जाहीर केलं, आजच्या आकड्यापेक्षा जेमतेम तीस फूट कमी. राधानाथ सिकदर आणि त्यांच्या गणकांनी हे हाताने केलं हो, लॉगॅरिथमची कोष्टकं समोर ठेवून.

प्रतिसाद ३
बॅरोमीटरचं मी सांगते, हवामान हा माझा विषय. तुम्ही दोन जागांमधला फरक मोजलात तसा दोन वेळांमधलाही मोजलात. आपल्याकडे उष्ण कटिबंधात हवेचा दाब घड्याळ लावल्यासारखा दिवसातून दोनदा वर आणि दोनदा खाली जातो: सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. ही भरती-ओहोटीच आहे पण चंद्रामुळे नाही, सूर्य ओझोनला आणि हवेतल्या बाष्पाला तापवतो त्यातून उठलेली लाट आहे. दख्खनमध्ये सकाळी दहा ते दुपारी चार यात कोरड्या दिवसांत तीन-चार हेक्टोपास्कल सहज पडतात. गडाच्या उंचीवर एक हेक्टोपास्कल म्हणजे साधारण दहा मीटर. तुम्ही नेमका सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा टाइम पकडलाय! ७४५ मधून ३५ काढा, ७१० राहतात.

उपाय फुकटचा आहे. एक फोन घरी, एक गडावर, दोघांनी एकाच मिनिटाला रीडिंग घ्यायचं. फक्त निघण्याआधी दोन्ही फोन एकाच टेबलावर शेजारी ठेवून बघा, त्यांच्यात एक-दोन हेक्टोपास्कलचा फरक असतोच, तो लिहून ठेवून नंतर वजा करा. दुसरा फोन नसेल तर पुण्यातल्या शिमला ऑफिसच्या (हवामान खात्याच्या) वेधशाळेचा दाब बघा, पण स्टेशनचा, म्हणजे तिथे प्रत्यक्ष मोजलेला घ्या, समुद्रसपाटीला आणलेला नको, नाहीतर पुन्हा इथे धागा काढाल. तापमान पण सावलीत मोजा, तीन अंश चुकलं तर उंची एक टक्का म्हणजे सात मीटरने चुकते. फोन हातात धरून तापला की त्याचा सेन्सर काहीही सांगतो.

प्रतिसाद ४
जीपीएसचं राहिलं. उपग्रहाला समुद्रसपाटी माहीत नसते, तो पृथ्वीच्या एका गुळगुळीत गणिती आकारापासून उंची देतो. भारताच्या भागात खरी समुद्रसपाटी त्या आकाराच्या बरीच खाली आहे, श्रीलंकेच्या दक्षिणेला तर शंभर मीटरच्या आसपास, पुण्याकडे साठेक मीटर. काही ॲप ही दुरुस्ती स्वतः करतात, काही कच्चा आकडा देतात, तुमचं दुसऱ्या जातीतलं दिसतंय. पण तुम्हाला गच्ची आणि गड यातला फरकच हवा आहे ना, मग दोन्हीकडे तेच ॲप वापरा, साठ मीटर आपोआप कटतील. उंचीच्या बाबतीत फोनचं जीपीएस दहा-पंधरा मीटर इकडेतिकडे नाचतंच, त्यामुळे मी तरी ते फक्त पडताळ्याला ठेवीन.

धागाकर्ता
अरे देवा, वेळेचा हा प्रकार डोक्यातच आला नव्हता! भाचा जाम खूश आहे, त्याला आता दिवसभर दर अर्ध्या तासाने दाब लिहून त्याचा ग्राफ काढायचाय, गडाची उंची राहिली बाजूला. एक विचारायचं होतं, पट्टीवरचं रीडिंग सकाळी आणि दुपारी वेगळं येतं, सकाळी थंडीत एक-दीड मिलीमीटर जास्त. आणि भोक केवढं असावं? खिळ्याने पाडलंय, पट्टी थोडी पुसट दिसते.

प्रतिसाद २
खिळ्याचं भोक मोठं झालं. जाड सुईने पाडा, एक मिलीमीटरच्या आसपास, म्हणजे पाच मीटरवरची पट्टी आणि तेरा किमीवरचा गड दोन्ही एकदम स्पष्ट दिसतील, जे नुसत्या डोळ्याला जमत नाही. अगदी टाचणीच्या टोकाएवढं करू नका, तेवढ्या भोकातून जाताना प्रकाश पसरतो आणि उलट सगळंच धूसर होतं.

सकाळचं म्हणाल तर थंडीत मुठेच्या खोऱ्यात गार हवा तळाशी साचते आणि वर गरम, त्यामुळे किरण नेहमीपेक्षा जास्त वाकतो आणि गड वर उचलला जातो. म्हणजे माझे ते १३ टक्के सकाळी चालत नाहीत. दीड मिलीमीटरचे चार मीटर होतात, त्यातले थोडे सकाळच्या अंधुक उजेडात पट्टी वाचण्याचेही असतील. जुने सर्व्हेवाले उभे कोन भर दुपारी घ्यायचे ते याचसाठी, हवा थरथरते, टोक नाचताना दिसतं, पण वाकणं सर्वांत कमी आणि रोज जवळपास सारखं असतं. तुम्ही एक ते तीनच्या मध्ये घ्या, दरवेळी पट्टी उलटी करून पुन्हा एकदा वाचा म्हणजे शून्याची चूक कळेल. नळीत बुडबुडा नाही ना तेही बघा, एक बुडबुडा राहिला तर वक्रता, हवा सगळं पाण्यात.

प्रतिसाद ३
ग्राफ काढताना घरातला पंखा आणि एसी चालू-बंद केल्याची वेळ पण लिहायला सांगा त्याला, तापमान बदललं की फोनचा सेन्सर फसतो. आणि सलग दोन-तीन दिवस घ्या, एका दिवसात ढग-वारा आला तर लाट झाकली जाते. ग्राफ झाला की इथे टाका.